चार वर्षं सात महिने

केनीचा फोन टिफनीने तिसऱ्यांदा वाजल्यावर उचलला. सातिवलीच्या ज्या कारखान्यात ती औषधांच्या बाटल्यांची झाकणं तपासायची, तिथे कामाच्या जागी फोन चालत नसे. पण पहिले दोन फोन तिने त्यासाठी टाळले नव्हते. भावाशी बोलायचं म्हणजे वडिलांचा विषय निघणार, आणि तो विषय तिने आईला पुरलं त्याच दिवशी संपवला होता.

"पप्पा वाडीत पडले," केनी म्हणाला. "पोटात कळा येतायत, सारखे ओकतायत. वसईला हॉस्पिटलात घेऊन चाललोय."

"मग ने. मी येऊन काय करू?"

"ते इंग्लिशमध्ये विचारतात तेव्हा माझी त त प प होते. नसेल यायचं तर राहू दे."

सुपरवायझरला सांगून ती निघाली. स्कूटर चालवताना तिला काळजी वाटत नव्हती, राग येत होता. हे कधीतरी होणारच होतं आणि झालं की तिला बोलावलं जाणार हेही ठरलेलं होतं.

तिचा बाप सॅन्टन तुस्कानो म्हणजे वटारचा एके काळचा नावाजलेला केळीवाला. वाडी अशी राखायचा की शेजारगावचे लोक बघायला येत. आणि प्यायचा असा, की तेच लोक संध्याकाळी त्याच्या दारावरून जाताना आवाज बारीक करत. तीस वर्षं तो प्यायला. टिफनी नववीत असताना त्याने लुसीचा, तिच्या आईचा, हात पिरगळून मनगट मोडलं होतं. लुसीने डॉक्टरला सांगितलं की विहिरीच्या काठावर घसरले. पुढे लुसीच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती दोन दिवसांत गेली. दफनविधी आटोपल्यावर, अजून माणसं कबरीवर मूठमूठ माती टाकत होती, तेव्हा टिफनी वडिलांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिच्या जागी तुम्ही जायला हवं होतं."

टिफनी त्यानंतर विरारला फुलपाड्याच्या आपल्या फ्लॅटवर गेली ती वर्षातून एकदा, नाताळला, तासाभरासाठी वटारला यायची. केनीच्या हातात केकचा डबा द्यायची आणि निघायची.

हॉस्पिटलात सॅन्टन खाटेवर पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. कळ पाठीतून आरपार जात होती, त्याला आडवं होता येत नव्हतं. चेहरा राखेसारखा झाला होता. एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता.

"दारू घेतात?" त्याने विचारलं.

केनी खाली बघत राहिला.

"घेतात," टिफनी म्हणाली. "तीस वर्षांपेक्षा जास्त. रोज."

सॅन्टनने मान वर केली. ओठांना कोरड पडली होती. "सोडली," तो म्हणाला.

"हे असंच सांगतात," टिफनी डॉक्टरला म्हणाली. "तुम्ही लिहा. गेल्या नाताळला मी स्वतः बाटल्या बघितल्यात, पंपाच्या खोलीमागे. ताज्या होत्या."

डॉक्टरने लिहिलं. सॅन्टन तिच्याकडे बघत होता. मग त्याने केनीकडे बघितलं, तेही अगदी थोडा वेळ, आणि परत गुडघ्यांत डोकं घातलं.

रक्ताचा रिपोर्ट तासाभरात आला. स्वादुपिंडाला सूज होती, आणि साधी नव्हे. तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं ठरलं, दोन्ही हातांना सलाइन लागलं. सोनोग्राफी झाली, पण पोटात गॅस इतका धरला होता की आतलं नीट दिसलं नाही. दारूचा माणूस आहे, कारण उघड आहे, असं म्हणून ते तेवढ्यावर राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. दारूने लिव्हर गेलं असणार, असं नर्स म्हणाली. संध्याकाळपर्यंत तो बरळायला लागला, नळ्या उपसायला लागला. दारू तुटली की असं होतं, असं सांगून त्याला झोपेचं औषध दिलं आणि मनगटं पट्ट्यांनी खाटेला बांधली.

टिफनीने काचेतून ते पाहिलं. लुसीचं मनगट तिला आठवलं आणि मनात आलं, बरं झालं. आपल्या मनात असं आलं याचं तिला नवल वाटलं नाही.

केनी बाकावर बसला होता. त्याच्या गुडघ्याला सारखा ठेका लागला होता.

"इतकं बांधायला नको होतं," तो म्हणाला.

"मम्मीला कोणी सोडवलं होतं?"

"तुझं प्रत्येक वेळी तेच."

"मग काय दुसरं असणार? तुला एक आई होती, मला एक आई होती. तू विसरलास, मी नाही."

केनी उठून बाहेर गेला. अर्ध्या तासाने आला तेव्हा त्याने तोंडात बडीशेप टाकलेली होती.

चौथ्या दिवशी सकाळी पोटाच्या विकारांच्या मोठ्या डॉक्टर आल्या, डॉ. म्हात्रे. पन्नाशीच्या, आवाज जाडसर, बोलणं तुटक. त्यांनी फाइल उभ्याउभ्या वाचली, डोळ्यांची पापणी ओढून बघितली, पोटावर हात ठेवला. मग झोपेचं औषध कमी करायला लावून तासाभराने परत आल्या आणि सॅन्टनच्या तोंडाजवळ वाकल्या.

"तुस्कानो, शेवटची कधी घेतली?"

बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलले. मग तो म्हणाला, "चार वर्षं. सात महिने."

"ते खोटं बोलतायत," मागून टिफनी म्हणाली.

डॉ. म्हात्रेंनी वळून तिच्याकडे पाहिलं. "भ्रमात असलेला माणूस खोटं बोलताना महिने मोजत नाही," त्या म्हणाल्या आणि नर्सला दुसऱ्या स्कॅनची तयारी करायला सांगितली.

स्कॅनमध्ये खडा दिसला. पित्ताशयातून सुटून खाली आलेला, वाटाण्याएवढा, नळीच्या तोंडाशी घट्ट अडकलेला. त्याने पित्त तुंबलं होतं, नळीत पू धरायला लागला होता. बरळणं दारू तुटल्याचं नव्हतं, ताप डोक्यात गेल्याचं होतं. तोंडातून दुर्बीण घालून खडा लगेच काढायचा होता आणि संमतीवर नातेवाइकाची सही हवी होती. केनीने पेन हातात घेतलं, पण त्याचा हात इतका थरथरत होता की कागदावर नुसत्या रेघा उठल्या. टिफनीने त्याच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि सही केली.

खडा निघाला. पण तोवर स्वादुपिंडाचा निम्म्याहून जास्त भाग मेला होता.

डॉ. म्हात्रेंनी दोघांना खोलीत बोलावून हे सांगितलं. मेलेला भाग आत तसाच राहणार, त्याभोवती पाणी साठणार, त्यात जंतू झाले तर बाहेरून नळी घालावी लागणार, तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन.

"वाचतील ना?" केनीने विचारलं.

"काही वाचतात, काही नाही. तुमचे वडील कुठल्या रांगेत आहेत ते मला आज दिसत नाही. आठवड्याने विचारलंत तरी बहुतेक हेच सांगेन."

केनी बाहेर गेला तरी टिफनी बसून राहिली.

"मी पहिल्या दिवशी दारूचं म्हटलं नसतं, तर खडा आधी सापडला असता?"

"एखाद-दोन दिवस आधी, कदाचित. आमच्या माणसांनीही पिवळे डोळे बघून थांबायला हवं होतं. चूक एकट्या तुमची नाही."

"आणि मग इतकं मेलं नसतं?"

"ते सांगता येणार नाही. काही जणांचं पहिल्या रात्रीतच मरतं, कोणी काहीही केलं तरी."

"म्हणजे माझ्यामुळे झालं की नाही?"

"बाई, मी डॉक्टर आहे," डॉ. म्हात्रे म्हणाल्या. "ते ठरवणं माझं काम नाही."

टिफनी केनीला शोधत खाली पार्किंगमध्ये आली. तो भिंतीला टेकून उभा होता.

"त्या बाटल्या कोणाच्या होत्या?"

केनीने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. जणू कधीपासून तो या प्रश्नाची वाट बघत होता. "माझ्या."

तिने त्याच्या कानफटात मारली. वॉचमनने वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

"मी त्या फॉर्मवर ते लिहायला लावत होते तेव्हा तू तिथे उभा होतास. गप्प उभा होतास."

"होतो."

"का?"

"लाज वाटली," केनी म्हणाला. "आणि तू कोणाचं ऐकतेस का? नाताळला आलीस, बाटल्या बघितल्यास, तोंड वाकडं केलंस आणि स्कूटरला किक मारलीस. कोणाच्या आहेत म्हणून विचारलंस? त्यांना विचारलंस? मी पप्पांना म्हटलं, मी टिफनीला खरं सांगतो. ते म्हणाले, नको. म्हणाले, ती माझ्याशी तशीही बोलत नाही. तुझ्याशी बोलते तेवढं तरी राहू दे."

टिफनीला त्याला आणखी मारावंसं वाटत होतं आणि हात उचलवत नव्हता.

"मम्मीला पुरलं त्या रात्रीपासून त्यांनी घेतली नाही," केनी म्हणाला. "तू ते बोललीस ना मातीवर, त्या रात्रीपासून. आता जा वर आणि अजून काय लिहून द्यायचं असेल तर दे."

दोन दिवसांनी सॅन्टन शुद्धीवर आला. पट्ट्या काढल्या होत्या, मनगटांवर जांभळे वळ राहिले होते. नाकातून एक बारीक नळी खाली आतड्यापर्यंत गेली होती आणि तिच्यातून दुधासारखं पातळ काहीतरी थेंबथेंब जात होतं. टिफनी आत गेली तेव्हा वटारचे ॲन्सेल्म त्याच्या उशाशी बसले होते. सॅन्टनच्या वाडीला लागून त्यांची चाफ्याची बाग. टिफनी त्यांना लहानपणापासून अंकल म्हणायची.

नर्स उत्साहाने म्हणाली, "बाबा, बघा, तुमची मुलगी आलीय."

"मुलगी नाही," सॅन्टन म्हणाला. "त्या माहिती द्यायला येतात. हॉस्पिटलला."

नर्स हसली, तिला गंमत वाटली. टिफनी हसली नाही. घरात सॅन्टन वटारची बोली बोलायचा. आत्ता तो शाळेतली शुद्ध मराठी बोलत होता, बँकेतल्या साहेबाशी बोलायचा तशी.

"पप्पा, दुखतंय का?"

"तुम्ही बाहेर बसा," तो म्हणाला. "इथे एकालाच परवानगी आहे. ॲन्सेल्म बसलाय."

ती बाहेर आली. थोड्या वेळाने ॲन्सेल्म अंकल तिच्यामागे आले. तिला वाटलं, समजूत घालायला आले असतील.

"झालं तुझं समाधान?" त्यांनी विचारलं.

"अंकल, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, कारण माहीत करून घ्यायचं नव्हतं. दर मंगळवारी मी त्याला चर्चच्या हॉलमध्ये न्यायचो, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला. पहिले तीन महिने तो रस्त्यात बसून रडायचा, परत चल म्हणायचा. मी न्यायचो. साऱ्या गावाला ठाऊक आहे. एका तुलाच नाही."

"साऱ्या गावाला मम्मीचंही ठाऊक होतं," टिफनी म्हणाली. "तेव्हा कोण आलं होतं? तुम्ही आला होता?"

ॲन्सेल्म अंकलांचा चेहरा उतरला. ते जिन्याकडे गेले. बोलणं खरं होतं, पण त्याने टिफनी स्वतः काही सुटली नाही.

बाराव्या दिवशी ताप परत चढला. साठलेल्या पाण्यात जंतू झाले होते. डाव्या कुशीतून नळी घातली, तिच्या टोकाला पिशवी लावली. पिशवीत चहाच्या रंगाचा पू उतरू लागला. त्या आठवड्यात दोनदा डॉ. म्हात्रेंनी त्यांना बोलावून सांगितलं की आज काही होऊ शकतं. फादर येऊन सॅन्टनच्या कपाळाला आणि तळहातांना, मरणाच्या दारातल्या माणसाला लावतात ते पवित्र तेल लावून गेले. प्रार्थनेच्या वेळी केनी आत उभा होता. टिफनी दाराबाहेर राहिली, कारण सॅन्टनने फादरना तसं सांगितलं होतं. दारातून तिने वडिलांच्या तळहातावर तेल चमकताना पाहिलं. सगळा वेळ ती एकच गोष्ट ठरवू पाहत होती, हा माणूस मरावा असं आपल्याला अजून वाटतं का. तिला काही ठरवता आलं नाही. आधी ती किती ठाम होती.

सॅन्टन मेला नाही. बराही झाला नाही. सहा आठवड्यांनी, नाकातली नळी निघाल्यावर आणि कुशीतली तशीच ठेवून, त्याला घरी सोडलं. डॉ. म्हात्रे म्हणाल्या की घरच्या कोणीतरी रोज त्या नळीत सलाइनचं पाणी सोडून ती मोकळी ठेवायला शिकावं, पिशवी रिकामी करावी आणि किती भरली ते वहीत लिहावं. केनीने हात पुढे करून दाखवला. बोटं थरथरत होती. सिस्टरने टिफनीला शिकवलं.

मग रोजचा नियम झाला. सकाळी सहाला टिफनी फुलपाड्याहून निघायची, बोळिंजवरून वटारला यायची, काम उरकून थेट सातिवलीला कामावर. पहिल्या दिवशी ती सदरा वर करायला वाकली तेव्हा सॅन्टनने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि पुढे रोज फिरवलं. सिरिंजचं पाणी आत जाताना त्याला झोंबायचं. तो दात आवळायचा, पण तिच्यासमोर आवाज काढायचा नाही. ॲन्सेल्म अंकल असले तर त्यांना सांगायचा, "त्यांना म्हणावं, जरा हळू."

नवव्या की दहाव्या दिवशी, घरात दुसरं कोणी नसताना, टिफनीने पिशवीखालची तोटी बंद केली आणि तशीच खाटेच्या कडेला बसली.

"पप्पा, माझं चुकलं."

सॅन्टन भिंतीकडेच बघत होता.

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"काय चुकलं तुमचं?" तो म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "मी प्यायचो. तुमच्या आईला मारायचो. ते तुम्ही बघितलं. त्यात खोटं काही नाही. कबरीवर तुम्ही बोललात, तेही मला कबूल आहे. मी दुसऱ्या दिवशी तेच फादरना सांगितलं."

"मग?"

"मी तिथे मरणाच्या कळांत म्हटलं, सोडली. एक शब्द म्हटला. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरला म्हणालात, हे असंच सांगतात." तो थांबला, श्वास घेतला. "चार वर्षं सात महिने मी रोज सकाळी उठून त्या एका शब्दासाठी जगत होतो. कोणीतरी विचारेल, मग मी सांगेन, म्हणून. तुम्ही तो कचऱ्यात टाकलात."

"तुम्ही केनीला वाचवत होता. सांगितलं असतंत तर."

"बापाने मुलाचं नाव घ्यायचं? आणि तुम्ही मानलं असतं?"

टिफनीने खोटं बोलून बघितलं नाही. "नसतं," ती म्हणाली.

"मग झालं तर."

"आणि मम्मीचं? ते तुम्ही कधी बोललात माझ्याशी? एकदा तरी म्हणालात की चुकलं? दारू सोडली, बैठकीत रडलात, फादरना सांगितलंत, साऱ्या गावाला कळलं. मला नाही सांगितलंत. मनगट मोडलं तेव्हा मी दारात उभी होते, पप्पा. मला कोणी विचारलं नाही."

सॅन्टनने पहिल्यांदा मान वळवली. डोळे आता पिवळे नव्हते, नुसते खोल गेले होते. तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिने नजर काढून घेतली नाही. त्या खोलीत माया म्हणावी असं काही नव्हतं. पण इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदाच खरं बोलत होती.

"नाही विचारलं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही मला माफ करू नका. मीही करत नाही."

"बरं," टिफनी म्हणाली. पिशवीतलं मोजून वहीत एकशे वीस मिली लिहिलं, हात धुतले आणि कामावर गेली. सातिवलीला पोचेपर्यंत तिचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. दुपारी जेवताना तिच्या लक्षात आलं की आज बऱ्याच दिवसांनी आपल्याला भूक लागली आहे.

तिसऱ्या आठवड्यात स्कॅनसाठी परत वसईला जायचं होतं. केनीने शेजारच्यांची गाडी मागून आणली होती. टिफनीने त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि त्याला मागे बसवून स्वतः गाडी चालवली. तो चिडला, पण बसला.

डॉ. म्हात्रेंनी स्कॅन उजेडासमोर धरला. साठलेलं थोडं कमी झालं होतं. संपलं नव्हतं. मेलेल्या भागाची एक गाठ तशीच होती. ती आपोआप विरेल किंवा पुन्हा पेटेल. साखरही वाढली होती, इन्सुलिन सुरू करावं लागणार होतं.

"म्हणजे आता धोका नाही?" केनीने विचारलं.

"आहे. मागच्यापेक्षा कमी. तीन आठवड्यांनी परत या."

"तीन आठवड्यांनी कळेल?"

"तीन आठवड्यांनी परत या," डॉ. म्हात्रे पुन्हा म्हणाल्या.

ते परत निघाले. निर्मळच्या पुढे केळीच्या वाड्या लागल्या तेव्हा सॅन्टन काचेतून बाहेर बघत केनीला घरच्या बोलीत म्हणाला की दक्षिणेकडच्या ओळीला टेकू दिले नाहीत तर घड खाली येतील, आज संध्याकाळी बांबू लाव. केनी हूं म्हणाला. सॅन्टनने त्याला परत बजावलं, आज म्हणजे आज, प्यायच्या आधी. केनीचा चेहरा लाल झाला.

घरासमोर गाडी थांबल्यावर टिफनीने दार उघडून धरलं. सॅन्टनने तिचा हात घेतला नाही. एका हाताने पिशवी आणि दुसऱ्याने गाडीचं दार धरून तो स्वतःच उतरला, त्याला बराच वेळ लागला. पायरीशी पोचल्यावर तो थांबला.

"उद्या साडेसहापर्यंत या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आज सात वाजून गेले होते. तोपर्यंत ॲन्सेल्म येतो. त्याच्यासमोर मला पोट उघडं टाकायला आवडत नाही."

"साडेसहा," टिफनी म्हणाली, आणि गाडीची किल्ली केनीकडे न देता ती परत करायला शेजारी निघाली.